अजिंक्यताऱ्यावरून आपली शाळा दिसते का?



आज एक क्षेत्रभेट सांगणार आहे. क्षेत्रभेटीचे लेख आपण नेहमी वाचतो. मुलं आनंदाने गेली, खूप काही शिकली, फोटो काढले, परत आली. मीही असे अहवाल लिहिलेत. पण गेल्या वर्षीच्या अजिंक्यताऱ्याच्या भेटीचा अहवाल मी लिहून दिला तेव्हा त्यातली मुख्य गोष्टच लिहिली नव्हती. ती आता लिहिते.

मी साताऱ्यात एका लहानशा प्राथमिक शाळेत शिकवते. डी.एड. होऊन आता बारा-तेरा वर्षं झाली. गेल्या वर्षी माझ्याकडे तिसरीचा वर्ग होता, पट चोवीस. आमच्या वर्गाला दक्षिणेकडे दोन खिडक्या आहेत आणि त्या दोन्ही खिडक्यांत एकच गोष्ट दिसते, ती म्हणजे अजिंक्यतारा. साताऱ्यात राहणाऱ्याला हे सांगायला नको. गावात कुठेही उभे राहा, किल्ला मान वर केली की आहेच. वरच्या टॉवरमुळे तर रात्रीही कळतो.

'उत्तर कुठे आहे?' 'पंख्याकडे!'

तिसरीच्या परिसर अभ्यासात दिशा आणि नकाशा हा भाग आहे. तुम्हीही शिकवला असेल. सूर्य उगवतो ती पूर्व, पूर्वेकडे तोंड करून उभे राहिलं की डावा हात उत्तरेला, उजवा दक्षिणेला. मुलं हे पाठ म्हणतात, गाणं करून म्हणतात, चाचणीत गुणही मिळवतात.

मी जिल्ह्याचा नकाशा भिंतीवर लावला होता. एक दिवस सहज विचारलं, "उत्तर दिशा दाखवा बरं." निम्म्या वर्गाने बोट सरळ वर केलं. पंख्याकडे! एकाने तर विचारलं, "बाई, मग दक्षिण म्हणजे जमिनीत का?"

आधी मला हसू आलं, मग वाईट वाटलं. चूक मुलांची नव्हती. नकाशा मी भिंतीवर टांगला होता आणि "नकाशात वरची बाजू म्हणजे उत्तर" हे वाक्य दहा वेळा मीच म्हटलं होतं. मुलांनी ते जसंच्या तसं घेतलं. त्या दिवशी नकाशा भिंतीवरून काढून फरशीवर अंथरला आणि खऱ्या उत्तरेकडे वळवून ठेवला. तुमच्या वर्गात हे करून पाहा. पाच मिनिटांचं काम आहे, पण बराच गोंधळ मिटतो.

तरी एक अडचण राहिलीच. मुलांना म्हटलं, "आपल्या शाळेचा नकाशा काढा." सगळ्यांनी काय काढलं असेल? कौलारू छप्पर, दार, दोन खिडक्या, झेंडा. आणि मागे त्रिकोणी डोंगर, त्यावर दोन काठ्या, म्हणजे टॉवर. चित्रं सुंदर होती, पण तो नकाशा नव्हता. चित्र आपण समोरून बघून काढतो. नकाशा वरून बघून काढायचा असतो. आता आठ वर्षांच्या मुलाने 'वरून' कधी काय पाहिलेलं असतं? फार तर गच्चीवरून गल्ली. शाळा, रस्ता, तळं, एस.टी. स्टँड हे सगळं एकदम वरून पाहिलंच नसेल, तर ते कागदावर कसं आणणार?

तेव्हा खिडकीकडे लक्ष गेलं. उत्तर खिडकीतच उभं होतं.

तयारी

मुख्याध्यापकांची परवानगी काढली. पालकांना चिठ्ठ्या दिल्या. सोबत एक सहकारी शिक्षिका आणि दोन मुलांच्या आई यायला तयार झाल्या. आधीच्या रविवारी मी स्वतः स्कूटरवरून वर जाऊन पूर्वपाहणी करून आले. मुलांना कुठे बसवायचं, कडा कुठे धोक्याचा आहे, पाणी कुठे, डबा कुठे, सगळं वहीत टिपलं. हे 'स्कूटरवरून' लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

वर्गात एक मुलगा होता. त्याचं खरं नाव लिहीत नाही, आपण त्याला सोनू म्हणू. त्याच्या डाव्या पायात जन्मापासून दोष आहे. पाय ओढत चालतो, पण रोज चालतच शाळेला येतो. अभ्यासात मधला, बोलायला कमी. चिठ्ठ्या वाटल्या त्या दिवशी मधल्या सुट्टीत तो टेबलापाशी आला.

"बाई, वरून आपली शाळा दिसते का?"

"दिसते की."

"आणि आमचं घर?"

"तेही दिसेल."

त्या संध्याकाळी त्याची आई त्याला न्यायला आली, तेव्हा मी तिला बाजूला घेतलं. म्हटलं, "ताई, चढ आहे, वर कडा आहे. चोवीस पोरं आणि आम्ही चौघीच. काही झालं तर? सोनूला यावेळी नका पाठवू."

तिने जरासुद्धा वाद घातला नाही. "बरोबर हाय बाई तुमचं. त्याला कुटं झेपायचंय," म्हणाली आणि त्याचा हात धरला. सोनू मागे वळून एवढंच म्हणाला, "मी मारुतीपाशी बसून राहीन की. कुठं नाही जाणार."

मी म्हटलं, "पुढच्या वेळी हं."

आता तुम्ही म्हणाल, यात काय चुकलं? जबाबदारी शिक्षकावर असते. खरं आहे. मीही मनाला तेच सांगितलं आणि मला त्या रात्री झोपही चांगली लागली.

गडावर

डिसेंबरची सकाळ होती. तेवीस मुलं, दोन-दोनच्या जोड्या, गळ्यात पाण्याच्या बाटल्या. अदालत वाड्याच्या बाजूने आम्ही चढायला लागलो. पहिल्या दहा मिनिटांत तिघांनी डबा कधी खायचा ते विचारलं. वाटेत थांबत, मागे वळून बघत गेलो. प्रत्येक थांब्यावर एकच प्रश्न विचारत होते, "आता नवीन काय दिसायला लागलं?" आधी फक्त जवळच्या गच्च्या आणि पाण्याच्या टाक्या. मग झाडांचे शेंडे वरून दिसायला लागले. एक मुलगी म्हणाली, "बाई, घार आपल्या खाली उडतीय!" हे पुस्तकात कुठे लिहिणार?

दरवाज्यातून आत गेलो, मारुतीला नमस्कार केला आणि गावाकडच्या तटाच्या अलीकडे, सुरक्षित जागा बघून मुलांना बसवलं.

आता अजिंक्यताऱ्याची एक सोय सांगते. सातारा गाव किल्ल्याच्या उत्तरेच्या पायथ्याला पसरलंय. म्हणजे गावाकडे तोंड करून बसलं की समोर उत्तर, उजव्या हाताला पूर्व, डाव्या हाताला पश्चिम आणि पाठीमागे दक्षिण. कागद मांडीवर धरला की नकाशाची वरची कड आपोआप उत्तरेकडे होते. नकाशा आणि जमीन एकाच दिशेने! मला वेगळं काही शिकवावंच लागलं नाही.

समोर अख्खं गाव होतं. मुलांनी आधी लाल रंग शोधला, तो एस.टी. स्टँड. मग राजवाडा. डावीकडे यवतेश्वरचा डोंगर. त्याच्या पलीकडे कास, जिथल्या तलावाचं पाणी साताऱ्याला येतं. उजवीकडे लांब हायवे, त्यावर मुंगीएवढे ट्रक. त्याच्या पुढे जरंड्याचा डोंगर, आणि मधे कुठेतरी झाडीत कृष्णा-वेण्णेचा संगम, आपलं माहुली. पाठीमागच्या बाजूला गेलो तर नैर्ऋत्येला सज्जनगड. "बाई, तो सपाट डोंगर!" सगळ्यांनी एकदम ओळखला, कारण बहुतेकजण तिथे जेवून आलेले होते.

इतिहासही दिशांनीच सांगितला. बाराव्या शतकाच्या शेवटी शिलाहार राजा दुसरा भोज याने हा किल्ला बांधला असं मानतात. 1673 मध्ये शिवाजी महाराजांनी तो घेतला. पुढे 1699 च्या डिसेंबरात औरंगजेबाने वेढा घातला. मी मुलांना विचारलं, "तुम्ही किल्लेदार आहात. बादशहाची छावणी उत्तरेला करंज्यापाशी आहे. दाखवा." तेवीस बोटं समोर झाली. कुणाचंही वर आभाळाकडे गेलं नाही! "त्याचा मुलगा आझम पश्चिमेला, शहापूरच्या बाजूला." बोटं डावीकडे. प्रयागजी प्रभूंनी मूठभर माणसांनिशी चार महिन्यांच्या वर किल्ला लढवला. तटाखाली सुरुंग लावले गेले. एका स्फोटात ते स्वतः ढिगाऱ्याखाली सापडले आणि जिवंत निघाले. दुसऱ्या सुरुंगाने तट बाहेरच्या बाजूला, मोगलांच्याच अंगावर कोसळला. अखेर एप्रिल 1700 मध्ये किल्ला द्यावा लागला. आझमच्या नावावरून त्याचं नाव 'आझमतारा' झालं. ताराराणींच्या काळात मराठ्यांनी तो परत घेतला आणि नाव ठेवलं 'अजिंक्यतारा'. 1708 मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यात झाला आणि पुढे राजधानी हळूहळू गडावरून खाली उतरली. आपण राहतो त्या पेठा म्हणजे ते खाली उतरलेलं गाव.

एकाने विचारलं, "वर एवढी जागा असताना खाली का गेले?" मी उलट विचारलं, "वर राहायला काय काय लागेल?" पाणी, बाजार, शेत, दवाखाना अशी यादी मुलांनीच केली. वरची तळी त्यांनी पाहिली होतीच. एकजण म्हणाला, "तळं उन्हाळ्यात आटलं तर?" उत्तर त्याचं त्यालाच मिळालं.

मग मी राजवाडा पुन्हा दाखवला. म्हटलं, "त्या जुन्या राजवाड्यात एक शाळा भरायची. 7 नोव्हेंबर 1900 ला तिथे एका मुलाचं नाव घातलं. हजेरीवर नाव होतं भिवा." मुलं लगेच ओरडली, "बाबासाहेब!" महिन्यापूर्वीच आम्ही वर्गात विद्यार्थी दिवस साजरा केला होता. तो कशासाठी, हे तेव्हा मी वाचून दाखवलं होतं. ती जागा मात्र आत्ता दिसत होती. जिथे शिकून बाबासाहेब एवढे मोठे झाले, ती शाळा आपल्या शाळेपासून किती जवळ आहे, हे मुलं बोटांनी मोजत होती.

मी त्यांना हेही सांगितलं, की भिवाला वर्गात इतर मुलांपासून वेगळं, बाजूला बसावं लागायचं. मुलं गप्प झाली. "का पण बाई?" असं एका मुलीने विचारलं. मी जमेल तसं सांगितलं.

मित्रांनो, हे सांगताना मी स्वतः एका मुलाला खाली ठेवून वर आले होते, हे मला त्या क्षणी आठवलं नाही. दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत, मला कळतं. पण आठवायला हवं होतं.

तेवीस नकाशे आणि एक चित्र

दुसऱ्या दिवशी वर्गात पुन्हा तेच सांगितलं, "शाळेचा आणि परिसराचा नकाशा काढा." आणि काय सांगू! छप्परं, दारं, खिडक्या गेल्या. शाळा म्हणजे एक चौकोन. रस्ते म्हणजे जोडरेघा. तळं म्हणजे निळा गोल. कुणाचा रस्ता भलतीकडे गेला, कुणाचं एस.टी. स्टँड शाळेच्या दुप्पट झालं. पण सगळ्यांनी वरून काढलं होतं. काल दिसलेलं आज कागदावर उतरलं होतं. मला इतका आनंद झाला की मी शेजारच्या वर्गातल्या बाईंना बोलावून दाखवलं.

मग सोनूचा कागद हातात आला.

कौलारू छप्पर. दार. दोन खिडक्या. झेंडा. मागे त्रिकोणी डोंगर, त्यावर दोन काठ्या. महिन्यापूर्वीचंच चित्र. फक्त एक फरक होता. डोंगराच्या टोकावर त्याने पेन्सिलीने बारीक बारीक ठिपके काढले होते.

"हे काय रे?"

"हे सगळे. वर गेलेले."

मी ठिपके मोजले. तेवीस होते.

खरं सांगते, आधी मला त्याची दया आली. दयेचं काय, ती आपल्याला लवकर येते आणि लवकर जाते. पण संध्याकाळी नोंदवही भरताना रकान्यात लिहायची वेळ आली: 'वरून पाहिल्याप्रमाणे परिसराचा आराखडा काढतो/काढते.' तेवीस मुलांपुढे बरोबरची खूण केली. चोविसाव्यापुढे काय लिहू? 'जमत नाही' लिहू? त्याला जमत नाही, की मी शिकवलंच नाही? वर्गात बसून जे शिकवता येत नाही म्हणून मी मुलांना डोंगरावर नेलं, नेमकं तेच मी त्याला दिलं नव्हतं. सहल चुकली असती तर एक वेळ चाललं असतं. त्याचा पाठ चुकला होता.

आणि मग स्कूटर आठवली. अजिंक्यताऱ्यावर डांबरी रस्ता जातो. दरवाज्याच्या जवळपर्यंत गाडी जाते. मी आठ दिवसांपूर्वी त्याच रस्त्याने, स्वतःच्या स्कूटरवर बसून, मुलांच्या सुरक्षिततेची पाहणी करायला गेले होते! वहीत सगळं टिपलं होतं. 'सोनूला रिक्षाने आणता येईल' ही एक ओळ सुचली नव्हती. पायाची अडचण त्याची होती, पण रस्ता न दिसण्याची अडचण माझी होती.

दुसरी फेरी

पुढच्या रविवारी ओळखीच्या रिक्षावाल्या दादांना सांगितलं. सोनू, त्याची आई आणि मी, तिघं निघालो. रस्ता संपला तिथे उतरलो. पुढे दरवाज्यापर्यंत चढ आणि पायऱ्या. मी हात पुढे केला, तर तो म्हणाला, "नको बाई, भिंत आहे." भिंतीला हात लावून, चांगला पाय आधी, मग दुसरा ओढून, अशी एकेक पायरी तो चढला. इतर मुलांना जिथे पाच मिनिटं लागली, तिथे आम्हाला वीस लागली. वीसच! एवढ्या वीस मिनिटांच्या भीतीने मी त्याला अख्खा पाठ नाकारला होता.

वर बसल्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही. त्याची आईही नाही. मग तीच म्हणाली, "लग्नाला बारा वर्सं झाली. रोज खालनं बगते. वर नव्हते आले कदी." ती पेठेत चार घरची धुणीभांडी करते. तिने एकेक करून चारही घरांच्या गच्च्या शोधल्या. मग स्वतःचा पत्रा शोधला. सगळ्यात शेवटी.

सोनू म्हणाला, "बाई, शाळा किती जवळ आहे घराच्या!"

खरंच जवळ होती. वरून बोटभर अंतर. मी त्याला कागद दिला. बराच वेळ खाली मान घालून तो काढत बसला. मधेच विचारलं, "बाई, पायरीची खूण कोणती?"

पुस्तकात रस्ता, नदी, देऊळ, विहीर यांच्या खुणा असतात. पायरीची मला आठवेना. म्हटलं, "तू ठरव."

त्याने कागद दाखवला तेव्हा मला वाटलं, याने रेल्वेचे रूळ काढलेत. रस्त्यावर जागोजाग आडव्या बारीक रेघा होत्या. विचारलं तर म्हणाला, "पायऱ्या. आमच्या बोळात अकरा. हौदापाशी चार. शाळेच्या दारात तीन. आणि इथं चढ आहे, म्हणून रेघ जाड केली."

तेवीस नकाशांत कांदी पेढ्याचं दुकान होतं, क्रिकेटचं मैदान होतं, आजोळ होतं. पायरी एकाही नकाशात नव्हती. अख्खं सातारा डोंगराच्या उतारावर वसलंय, पेठापेठांत चढउतार आणि पायऱ्या आहेत, आणि त्या कुणाला दिसल्या नव्हत्या. मलाही नाही.

सोमवारी वर्गात

सोनूचा नकाशा फळ्याशेजारी लावला. कुणाचा ते आधी सांगितलं नाही. मुलांनी विचारलं, "या रेघा कसल्या?" मी म्हटलं, "शोधून काढा. हा घर ते शाळा रस्ता आहे." एका मुलीने ओळखलं. मग मुलं हट्टालाच पेटली, खरंच एवढ्या पायऱ्या आहेत का ते बघायचं. मधल्या सुट्टीत शाळेच्या दारातल्या मोजल्या: तीन, बरोबर. शाळा सुटल्यावर चौघंजण त्याच्यासोबत बोळापर्यंत गेले. दुसऱ्या दिवशी तक्रार घेऊन आले, "बाई, बोळात बारा आहेत! सोनूची एक चुकली."

सोनू शांतपणे म्हणाला, "एक तुटकी आहे. तिच्यावर पाय ठेवता येत नाही. म्हणून मी ती धरत नाही."

यावर कुणी काही बोललं नाही. पण त्या आठवड्यात बऱ्याच मुलांनी आपापल्या नकाशात पायऱ्या घातल्या. आणि दोघांनी तुटक्या पायरीसाठी वेगळी खूण शोधली: फुली.

अजून एक गोष्ट लिहायलाच हवी. आमच्या शाळेला रॅम्प आहे. असायलाच लागतो, आणि आहे. पण तो बाजूच्या दाराला आहे, ते दार बंद असायचं आणि रॅम्पवर मोडके बाक रचलेले होते. आम्ही सगळे रोज त्याच्या शेजारून जात होतो. सोनूच्या नकाशात तो नव्हता, कारण त्याच्या दृष्टीने तो नव्हताच. त्या सोमवारी मुख्याध्यापकांशी बोलले. बाक हलवायला अर्धा तास लागला. मंगळवारी सोनूने नकाशात रॅम्प घातला, हिरव्या पेन्सिलीने.

क्षेत्रभेट नेणाऱ्यांसाठी थोडंसं

- भेटीच्या आधी एक चित्र किंवा नकाशा काढून घ्या आणि नंतर तोच पुन्हा काढून घ्या. दोन्ही शेजारी ठेवले की मूल काय शिकलं ते कळतं, आणि आपण कुणाला शिकवायचं राहिलं तेही कळतं.
- उंचावर गेलात तर मुलांना आधी उत्तरेकडे तोंड करून बसवा. कागद जमिनीशी जुळवा. मग प्रश्न विचारा, उत्तरं सांगू नका.
- खुणा पुस्तकातल्या द्याच, पण दोन-तीन मुलांना स्वतः ठरवू द्या. मूल कशासाठी खूण मागतं, यावरून त्याचं रोजचं जगणं कळतं.
- पूर्वपाहणी करताना वर्गातलं सगळ्यात अडचणीत चालणारं मूल डोळ्यांपुढे ठेवून वाट बघा. गाडीरस्ता आहे का, कठडा आहे का, सावली कुठे, बसायला जागा कुठे.
- खरोखरच नेता येणार नसेल, तर त्या मुलाला तो पाठ दुसऱ्या कुठल्या मार्गाने मिळेल, हे निघायच्या आधी ठरवा. शाळेची गच्चीसुद्धा चालते.

पालकांनाही एक सांगायचंय. सोनूच्या आईने माझ्याशी वाद घातला असता, "मी येते सोबत, रिक्षाचं बघते" असं म्हटलं असतं, तर मला त्या वेळी राग आला असता. पण मी विचार केला असता. शिक्षकाचं म्हणणं ऐकावं हे ठीक, पण तुमच्या मुलाला काय झेपतं ते तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत असतं. विचारत जा. आम्हीही चुकतो.

सोनू आता चौथीत आहे. यावर्षीच्या तिसरीला घेऊन पुन्हा गडावर जायचं आहे. त्याला सांगितलंय, तू वाट दाखवायला ये. त्याची एक अट आहे. यावेळी रिक्षा दरवाज्यापर्यंत न्यायची नाही, शेवटच्या वळणावर सोडायची. तिथून वर किती पायऱ्या आहेत ते मागच्या वेळी मोजायचं राहिलं, असं म्हणतो.

तुम्ही यावर्षी सहलीची यादी केली असेल. एखादं नाव "त्याला नाही जमायचं" म्हणून हळूच बाजूला काढलं असेल, तर यादी पुन्हा एकदा उघडून बघा. मी फक्त एवढंच सांगायला हा लेख लिहिला.